पाणी तापतं, मग ऊब जाते कुठे?

गेल्या थंडीत आमच्या बचत गटाच्या बैठकीत भांडण झालं, त्या भांडणातून आजचा विषय निघाला आहे.

आमच्या गटातल्या एका मावशींनी गटाकडून कर्ज काढून स्लॅबवर १०० लिटरचा पाण्याचा सोलर बसवला होता. उन्हाळाभर पाणी कढत आलं. दिवाळी सरली आणि पाणी कोमट झालं, मार्गशीर्षात तर जवळजवळ गारच. विकणाऱ्याला तीनदा फोन केला. तो म्हणाला, थंडीत असंच असतं, उन्हात जोर नसतो. पहाटे पाचला उठून सूनबाई पुन्हा बंब पेटवायला लागल्या. मावशी बैठकीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाणी गार तर हप्ताही गार. मी भरणार नाही."

आता गटाचा पैसा म्हणजे बारा जणींचा पैसा. एकीनं हप्ता थांबवला की दुसरीला बी-बियाण्याला कर्ज मिळत नाही. काही जणी मावशींवर चिडल्या, काही जणी सोलरवर. एक जण मात्र गप्प बसली होती. तिच्या घरी तसाच सोलर आहे आणि त्याच थंडीत तिचं पाणी अंगावर घेववत नव्हतं इतकं कढत येत होतं. ऊन दोघींच्या घरावर सारखंच, मग हिचं गरम आणि तिचं गार कसं?

हा प्रश्न घेऊन आम्ही वाचायला बसलो. दुरुस्तीचं काही सापडेल असं वाटलं होतं, सापडला तो अडीचशे वर्षांचा इतिहास. पाणी तापवायचं प्रत्येक यंत्र कुठे ना कुठे अडलेलं आहे. कुणीतरी त्याच्याजवळ बसून विचारलं, की ऊब तयार होते, मग ती जाते कुठे? तेव्हा ते सुधारलं.

सुरुवात आपल्या बंबापासूनच करू. बंब तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे, पण तो आतून कसा असतो हे किती जणींनी पाहिलंय? तांब्याचं उभं पिंप, त्याच्या मधोमध आरपार गेलेला नळा. नळ्यात विस्तव, नळ्याभोवती पाणी. खाली जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. चुलीवरच्या हंड्याला जाळ फक्त बुडाशी लागतो, उरलेला बाजूनं निघून जातो. बंबात जाळ पाण्याच्या पोटातूनच वर जातो, म्हणून थोड्या चिपाडांत, चार करवंट्यांत घरादाराच्या आंघोळी व्हायच्या. रशियातला चहाचा सामोवार असाच असतो, मधे नळा आणि भोवती पाणी. पुण्याच्या कसबा पेठेजवळ तांबट आळी आहे, तिथे पेशव्यांच्या काळापासून तांबट तांब्याची भांडी घडवत आले. बंब ही त्यांच्याच हातची वस्तू.

बऱ्याच बंबांना वर नरसाळ्यासारखं तोंड असतं. त्यातून गार पाणी ओतलं की ते नळीनं थेट तळाशी जातं आणि वरचं कढत पाणी तोटीतून बाहेर पडतं. जेवढं ओताल तेवढंच बाहेर. गरम पाणी हलकं, ते वर राहतं, गार पाणी जड, ते तळाशी बसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे एका माणसानं तिच्यावर मोठा कारखाना उभा केला.

आणि बंब तापेनासा व्हायचा तो कशानं? जाळी राखेनं बुजली की खालून वारा लागत नाही, जाळ मरतो, नुसता धूर. लाकूड ओलं असलं की निम्मा जाळ लाकूड वाळवण्यात जातो. नळ्याच्या आत काजळी धरली की ती जाळ आणि तांबं यांच्यामध्ये पांघरुणासारखी बसते. आणि सगळ्यात छुपं दुखणं म्हणजे पाण्याच्या बाजूनं नळ्यावर चढलेला क्षाराचा थर. विहिरीचं, बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं तापवलं की पांढरट कवच धरतं. क्षारातून ऊब तांब्यासारखी सुटून जात नाही. मग लाकूड तेवढंच, पाणी मात्र उशिरा तापतं. आपल्या आज्या दर सणाला चिंच लावून बंब बाहेरून लखलखीत करायच्या. आतला थर कुणाला दिसत नव्हता. "नव्या सुनेला जाळ घालता येत नाही," असं मात्र घरोघरी ऐकू यायचं.

मग शहरात गिझर आला. गिझर हा मूळचा आइसलँड देशातला शब्द, तिथल्या उसळत्या गरम पाण्याच्या झऱ्याचं नाव. आपल्याकडे वज्रेश्वरीला किंवा पालीजवळ उन्हेऱ्याला कुंडं आहेत, त्याचाच तो थोरला भाऊ. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन मॉन या रंगकाम करणाऱ्या माणसानं गॅसवर पाणी तापवायचं यंत्र काढलं आणि त्याला हे नाव दिलं. पाणी झटपट तापायचं, पण जळलेला वायू बाहेर जायला धुराडंच नव्हतं. तो विषारी वायू मोरीत कोंडायचा. हे जुनं म्हणून सोडून देऊ नका. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर लावून आजही माणसं दगावतात. त्या वायूला वास नसतो, डोकं जड होतं आणि माणूस तिथेच बसतो. ज्यांच्याकडे असेल त्यांनी गिझर आणि सिलेंडर न्हाणीघराच्या बाहेर बसवावा. हे आजच्या विषयाला थोडं सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही.

आता उन्हाकडे वळू. विकणाऱ्याचं म्हणणं होतं, थंडीत उन्हात जोर नसतो. या प्रश्नाचं उत्तर १७६७ सालीच शोधायला घेतलं गेलं होतं. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाचे ओरास द सोस्यूर यांनी काचेच्या पेट्या एकात एक बसवून उन्हात ठेवल्या. पुढे त्यांनी लाकडाची पेटी केली, आतून काळी, भोवती ऊब धरणारं भरण, वर काचेचे तीन थर. त्या पेटीत उष्णता १०० अंशांच्या वर गेली, म्हणजे पाणी उकळेल इतकी. मग ते पेटी घेऊन डोंगरावर चढले. वर हवा खालच्यापेक्षा खूप गार, तरी पेटी जवळजवळ तेवढीच तापली. म्हणजे बाहेरची हवा गार आहे म्हणून ऊन निकामी होत नाही. काच ऊन आत सोडते आणि ऊब अडवते. पेटी घट्ट असली की झालं.

याच्याही पुढची गोष्ट आपल्या मुंबईत घडली. विल्यम ॲडम्स नावाचे इंग्रज गृहस्थ मुंबईच्या हायकोर्टात उपनिबंधक होते. त्यांना काळजी होती ती सरपणाची. कापडगिरण्यांना कोळसा बोटीनं इंग्लंडहून यायचा. उन्हाच्या या देशात जाळायला लाकूड शोधत का फिरायचं, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी साध्या आरशांचे तुकडे लाकडी चौकटीत बसवून ऊन एका भांड्यावर गोळा केलं. त्यावर सात सैनिकांचं मटण-भाजीचं जेवण दोन तासांत शिजलं, आणि तेही जानेवारी महिन्यात, मुंबईच्या सगळ्यात थंड दिवसांत. पुढे कुलाब्यात त्यांनी आरशांच्या ओळी लावून वाफेवर पंपही चालवून दाखवला. यावरचं त्यांचं पुस्तक १८७८ साली मुंबईत छापलं गेलं. दीडशे वर्षांपूर्वी जानेवारीच्या उन्हात मटण शिजत होतं, मग मावशींच्या सोलरमध्ये आंघोळीचं पाणी का तापू नये? बैठकीत ही गोष्ट सांगितली तेव्हा मावशी पहिल्यांदा हसल्या.

घराच्या छपरावरचं पाण्याचं सोलर यंत्र मात्र अमेरिकेतून आलं. बाल्टिमोर शहरातल्या क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ साली त्याचं पेटंट घेतलं, नाव ठेवलं क्लायमॅक्स. काळ्या रंगाच्या लोखंडी टाक्या पेटीत आडव्या ठेवायच्या आणि वर काच लावायची, एवढंच. हे यंत्र त्यांनी कुणाला विकलं ते ऐका. उन्हाळ्यात बायका आणि नोकरमाणसं हवापालटाला गेली की शहरात एकट्या राहणाऱ्या पुरुषांना. चूल पेटवून पाणी तापवायची वेळ पुरुषांवर आली, तेव्हा कुठे बिनकष्टाचं यंत्र खपायला लागलं! कॅलिफोर्नियात ते फार चाललं. १९०० सालापर्यंत दक्षिण कॅलिफोर्नियात १६०० यंत्रं बसली होती.

पण त्यात एक खोट होती. पाणी दुपारनंतर तापायचं आणि रात्रीत गार व्हायचं. सकाळी आंघोळीला उपयोग नाही. याचं कारण केम्प यांच्या यंत्रात जिथे पाणी तापतं तिथेच ते साठतं. दिवसा ज्या काचेतून ऊन येतं, त्याच काचेतून रात्री ऊब निघून जाते.

१९०९ साली त्याच कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापवायची जागा आणि साठवायची जागा वेगळी केली. खाली काचेच्या उथळ पेटीत काळ्या पत्र्यावर बसवलेल्या बारीक नळ्या, वर टाकी. टाकीभोवती ऊब धरून ठेवणारं भरण, जणू टाकीला वाकळच पांघरली. नळीतलं पाणी तापलं, हलकं झालं, आपोआप वर टाकीत गेलं. टाकीच्या तळाचं गार पाणी त्याच्या जागी नळीत उतरलं. पंप नाही, वीज नाही. बंबात आपण वरून गार पाणी ओततो तेव्हा जे होतं तेच हे, फक्त ओतायला माणूस लागत नाही. रात्री टाकीतली ऊब टिकली म्हणून यंत्राचं नाव 'डे अँड नाइट', म्हणजे दिवस-रात्र. आज आपल्या स्लॅबवर टाकी वर आणि नळ्या खाली का असतात, ते यावरून कळेल. कुणी सोयीसाठी टाकी खाली घेतली तर हे चक्र चालणार नाही.

बेली यांचा धंदा जोरात चालला असताना १९१३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात विलक्षण थंडी पडली. नळ्यांमधल्या पाण्याचं बर्फ झालं. बर्फ पाण्यापेक्षा जास्त जागा घेतं, त्यामुळे नळ्या फुटल्या. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, थंडीत असंच असतं. बेली यांनी नळ्यांतलं पाणी आणि टाकीतलं पाणी वेगळं केलं. नळ्यांत पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण भरलं, ते लवकर गोठत नाही. ते मिश्रण टाकीच्या आतल्या वेटोळ्यातून फिरायचं आणि बाहेरच्या पाण्याला ऊब द्यायचं. पहिलं महायुद्ध संपेपर्यंत त्यांनी ४००० हून जास्त यंत्रं विकली. मग लॉस एंजेलिसच्या आसपास स्वस्त गॅस सापडला, लोक गॅसकडे वळले आणि बेलीही गॅसचे हीटर करायला लागले. फ्लोरिडात मायामी शहरात १९४१ पर्यंत निम्म्याहून जास्त लोक उन्हानं तापलेलं पाणी वापरत होते. तिथेही युद्धात तांबं मिळेनासं झालं, नंतर वीज स्वस्त झाली आणि छपरावरची यंत्रं मागे पडली. यंत्र बिघडलं म्हणून ते गेलं नाही, दुसरं जळण स्वस्त झालं म्हणून गेलं.

इस्रायलमध्ये उलटं झालं. १९५० च्या सुमाराला तिथे इंधनाची इतकी टंचाई होती की रात्री १० ते सकाळी ६ पाणी तापवायला बंदी होती. लेव्ही यिसार यांनी १९५३ साली तिथे सोलरचा कारखाना काढला. १९५५ साली तिथलेच हॅरी टाबोर यांनी एक खास काळा लेप दाखवला. तो लेप ऊन पुरेपूर घेतो, पण ऊब सहजी बाहेर टाकत नाही. १९८० साली तिथे नव्या घरांवर सोलर सक्तीचा झाला.

आपल्याकडे आता बहुतेक ठिकाणी काचेच्या नळ्यांचे सोलर दिसतात. त्यांचा आजोबा म्हणजे थर्मास. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली दोन भिंतींचं भांडं केलं आणि मधली हवा काढून टाकली. हवा नाही तर ऊब पलीकडे वाहून न्यायला कुणी नाही. चीनमधल्या चिंगह्वा विद्यापीठात यिन झीछ्यांग यांनी १९८० च्या दशकात याच तत्त्वावर काचेच्या नळ्या विकसित केल्या. एका नळीत दुसरी, मधे पोकळी, आतल्या नळीवर काळा लेप. या नळ्यांना रोग झाला की तो बाहेरून दिसतो. नळीच्या खालच्या बंद टोकाला चांदीसारखा चकचकीत डाग असतो. नळीला बारीक तडा जाऊन आत हवा शिरली की तो डाग दुधासारखा पांढरा होतो. चांदीचा असला तर नळी जिवंत, पांढरा झाला तर तिची वाकळ गेली. यासाठी मेकॅनिक लागत नाही, डोळे लागतात.

एवढं वाचून आम्ही चौघी मावशींच्या स्लॅबवर चढलो.

पंधरा नळ्या होत्या. तेरांची टोकं चांदीची, दोनांची पांढरी. सगळ्यांना वाटलं, सापडलं! पण पंधरातल्या दोन गेल्या म्हणून सगळं पाणी गार कसं होईल? नळ्यांवर धूळ होती, ती पुसली. तोंड दक्षिणेकडे होतं, ते बरोबर. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो. सावली कुठे पडते ते पाहायला आम्ही सकाळी, दुपारी आणि चार वाजता वर गेलो. सावली नव्हती.

मग चार वाजता सूनबाईंनी खाली गरम पाण्याचा नळ सोडला आणि आम्ही वर टाकीतून निघणाऱ्या नळीला फडक्यानं हात लावला. चटका बसला. न्हाणीघरात त्याच वेळी पाणी कोमट. म्हणजे ऊन पुरेसं होतं, पाणी तापतही होतं. ऊब हरवत होती ती टाकी आणि नळ यांच्या मध्ये.

स्लॅबपासून न्हाणीघरापर्यंत वीसेक मीटर पाइप, उघडाच. अर्ध्या इंची पाइपात मीटरला साधारण पावणेदोनशे मिली पाणी मावतं, म्हणजे वीस मीटरात साडेतीन लिटर. रात्रभर गार झालेलं ते पाणी सकाळी आधी येणारच. पण मावशींकडे दोन बादल्या भरल्या तरी कोमटच येत होतं.

उलगडा केला तो सूनबाईंनी. भांडी घासायच्या मोरीत गरम-गार असा जोडनळ आहे. दिवाळीत अंगण धुवायला मुलानं त्याच्या तोंडाला रबरी पाइप लावला आणि पाइपाच्या टोकाला कॉक. तेव्हापासून जोडनळाच्या गरम आणि गार दोन्ही चाव्या कायम उघड्या, पाणी बंद करायचं ते टोकाच्या कॉकनं. म्हणजे मोरीत गरमची लाइन आणि गारची लाइन आतल्या आत एकमेकींना जोडलेली. न्हाणीघरात कुणी गरमचा नळ सोडला की थोडं पाणी सोलरमधून यायचं आणि थोडं गार टाकीतून मोरीच्या वाटेनं उलटं शिरायचं. सूनबाई म्हणाल्या, "मी गारची चावी फिरवून बघते." त्यांनी ती बंद केली, आणि न्हाणीघरातून मावशी ओरडल्या, "अगं, भाजलं!"

थंडी दिवाळीत आली आणि रबरी पाइपही दिवाळीतच आला. दोन्ही एकदम आले म्हणून सगळ्यांनी थंडीला धरलं. विकणाऱ्यानंही वर चढून पाहिलं नाही.

तुमच्याकडेही असं झालं तर याच क्रमानं पाहा. आधी टाकीपाशी पाणी तापतंय का ते बघायचं, मग खाली यायचं. दोन नळांत फरक असेल तर जोडनळ तपासायचे. नवी नळी बसवताना किंवा रिकामा सोलर भरताना भर उन्हात पाणी सोडू नका. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकते. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर भरा. तांब्याच्या नळ्यांचा सोलर असेल आणि पाणी बोअरचं असेल तर क्षार आतून नळ्या बुजवतो, बंबासारखाच. ते साफ करायला ॲसिड लागतं, ते जाणकाराकडूनच करून घ्या. आणि हवेची नळी, जी टाकीवर उभी असते, ती कधीही बंद करू नका. काही जण पाणी सांडतं म्हणून तिला बूच मारतात, त्यानं टाकी फुटू शकते.

दोन पांढऱ्या नळ्या बदलल्या, त्याचा खर्च मावशींनीच केला. दुकानदारानं हात वर केले. पावतीवर नळ्यांची हमी लिहून घेतली नव्हती. आता गटातून सोलरसाठी कर्ज घ्यायचं असेल तर पावती आधी बैठकीत वाचून दाखवायची, असं आम्ही ठरवलंय. थकलेले दोन हप्ते मावशींनी तीन महिन्यांत भरले. भरताना एक वाक्य ऐकवलंच, "माझं पाणी गार होतं तेव्हा मला दंड लावायला निघाला होतात." ते खरं होतं. आम्ही दंडाचं बोललो होतो, नळ तपासायचं नंतर सुचलं.

बंब अजून मोरीच्या कोपऱ्यात आहे. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, तेव्हा तोच लागतो. यंदा पावसाळ्याआधी सूनबाईंनी तो तालुक्याला तांबटाकडे नेला आणि आतला थर काढून आणला. एवढासा घमेलंभर पांढरा चुरा निघाला म्हणे, आणि पाणी आता निम्म्या चिपाडांत तापतं.